चौदा नंबरचा पेशंट

साल एकोणीसशे त्र्याहत्तर. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्याच वर्षी आमच्या घरी गॅसची शेगडी आली आणि सासूबाईंनी तिच्याशी चार महिने अबोला धरला. काल संध्याकाळी गोळी घेतली की नाही हे मला आज आठवत नाही, पण त्या वर्षातला कुठला पेशंट कुठल्या खाटेवर होता ते विचारा. खाट नंबर चौदाबद्दल तर मी न विचारताच सांगणार आहे.

मी तेव्हा नर्सिंगच्या शाळेत ट्यूटर होते. शाळा हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, वर्ग वरच्या मजल्यावर आणि मुलींचं हॉस्टेल खाली. दुसऱ्या वर्षात एक मुलगी होती, तिला सगळे 'थरथरी' म्हणत. नाव ठेवणाऱ्यांनी फार डोकं चालवलं नव्हतं. मुलगी हुशार, पुस्तक तिला तोंडपाठ. इंजेक्शनची सुई उकळण्यापासून सिरिंज भरण्यापर्यंत सगळं नेटकं. पण सुई घेऊन जिवंत माणसासमोर उभी राहिली की कोपरापासून खाली हात असा काही हलायचा की पेशंटच आधी घाबरे. पहिल्या खेपेला तिने एका दांडग्या ट्रक ड्रायव्हरला इंजेक्शन द्यायचं होतं. सुई टेकवली, तो 'आई गं' म्हणाला, आणि ही त्याच्या अंगावर बेशुद्ध पडली. त्यानेच उठून तिला स्वतःच्या खाटेवर निजवलं आणि आम्हाला हाक मारली. वॉर्डात पेशंट उभा आणि नर्स आडवी, असं दृश्य मेट्रनने आपल्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायची त्यांची इच्छाही नव्हती.

मेट्रनने मला बोलावून सांगितलं की सहा आठवड्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा आहे, बाहेरच्या परीक्षक येणार आहेत, त्यात ही मुलगी नापास झाली की घरी. घरी म्हणजे कुठे, तर काकांच्या किराणा दुकानात, वजनकाट्यापाशी. शिकायला पाठवताना काकांनीच ती अट घातली होती. असला हात वजनकाट्यावर काय करील, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता. पण मेट्रनसमोर जिभेवर आलेलं गिळायची आम्हा सगळ्यांनाच सवय होती. मी एवढंच म्हणाले की ती पास होईल, हे माझ्याकडे लागलं. माझा स्वभावच तसा. कबूल आधी करायचं आणि कसं करायचं याचा विचार जिना उतरताना.

आमच्या शाळेत इंजेक्शन शिकवायची पद्धत म्हणजे संत्रं. मुलींनी संत्र्याला टोचायचं, मग एकमेकींच्या दंडाला आणि मग थेट पेशंटला. थरथरी संत्र्याला झकास टोचायची, कारण संत्र्याला डोळे नसतात. तिला हवा होता संत्रं आणि माणूस यांच्या मधला कोणीतरी. ज्याला हात आहेत, पाय आहेत, पण तक्रार नाही.

असा एक जण शाळेत होताही. काचेच्या कपाटात, कमरेपर्यंतचा, गुलाबी रबराचा. पण किल्ली स्टोअरच्या कारकुनाकडे. मी रीतसर अर्ज केला. त्याने रजिस्टर उघडून दाखवलं की ही वस्तू 'प्रदर्शनार्थ' या सदराखाली आलेली आहे. तिचं प्रदर्शन करता येईल, वापर करता येणार नाही. वापरली तर झिजेल आणि झिजली तर तो जबाबदार. मी म्हटलं, ती शिकण्यासाठीच घेतली ना? तो म्हणाला, "बाई, घेतली तेव्हापासून एक ओरखडा नाही. उगाच माझी निवृत्ती बिघडवू नका." या वाक्यानंतर मी घरी आले आणि पेशंट स्वतः तयार करायचं ठरवलं.

आता शिवणकाम मला येत होतं. झबली, उशांचे अभ्रे, पडदे. माणूस म्हणजे तरी काय, दोन हात, दोन पाय आणि वर एक उशी, असा माझा सरळ हिशेब होता. पायजमा आणि सदरा 'ह्यां'चा घेतला. आत भरायला कापूस सासूबाईंच्या जुन्या गादीचा. गादी जुनी होती यावर माझं आणि त्यांचं एकमत नव्हतं, पण त्या दिवशी त्या नणंदेकडे गेल्या होत्या. दंडाला आणि मांडीला आत स्पंज, वर मेणकापड. दुपारपर्यंत एक बरा माणूस तयार झाला. संध्याकाळी हे ऑफिसातून आले आणि तिथून प्रकरण वाढलं.

आमचे हे पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर. त्यांनी पेशंटला दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं की ह्याला रक्तपुरवठा कुठून आहे. मी म्हटलं, इंजेक्शनपुरतं आहे, रक्ताची गरज नाही. पण पाईपलाईनशिवाय कुठलीही वस्तू यांना अर्धवट वाटे. रात्रीचं जेवण होईपर्यंत त्यांनी नकाशा काढला. मुख्य वाहिनी, उपवाहिन्या, मानेपाशी एक व्हॉल्व्ह. दोन दिवसांत रबरी नळ्या बसल्या, माळ्यावर डबा चढला, डब्यात लाल शाईचं पाणी. चाचणीच्या वेळी खात्याच्या शिरस्त्याप्रमाणे यांनी पूर्ण दाब सोडला. मानेचा व्हॉल्व्ह उडाला. आमची भिंत, कॅलेंडर आणि यांचा चष्मा लाल झाला, आणि उरलेलं पाणी गॅलरीतून खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पडलं.

शिक्षिकाबाई वर आल्या त्या भांडायला, पण खाटेवर पेशंट पाहून थांबल्या आणि सल्ला द्यायला लागल्या. चेहरा नसलेला माणूस पाहून मुली शिकायच्या नाहीत, पळतील, असं त्यांचं मत पडलं. समोरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की चेहरा काढायचाच तर मिशी हवी, मिशीशिवाय पेशंटला वजन येत नाही. वजनाचा विषय निघाल्यावर वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने शंका काढली की एवढ्या हलक्या माणसाला कुशीवर वळवून मुलींना काय कळणार? ही शंका मला पटली आणि तिथेच मी फसले. आम्ही नळ्या काढून पेशंटमध्ये वाळू भरली. चेहरा मी काढला, मिशी पोस्टमास्तरांनी. तो चेहरा इतका भयंकर झाला की शेवटी डोक्याला बँडेज गुंडाळून फक्त मिशी आणि नाकाचं टोक बाहेर ठेवलं. सासूबाई परत आल्या, त्यांनी पेशंटला बोटाने दाबून पाहिलं, आतला कापूस ओळखला, आणि त्या दिवसापासून त्याला 'माझी गादी' म्हणू लागल्या.

वाळू भरलेला माणूस तीन जिने उतरवणं हे काय असतं, ते आम्हाला सोमवारी सकाळी कळलं. मी हॉस्पिटलातून स्ट्रेचर आणि दोन वॉर्डबॉय मागवले. पेशंटवर पांढरी चादर घातली, ती फक्त धूळ बसू नये म्हणून. पहिल्या जिन्यावर दारं उघडली. दुसऱ्यावर बायका पदर डोळ्यांना लावून उभ्या राहिल्या. चादरीखालून बाहेर आलेला पायजमा सगळ्यांनी ओळखला होता. तो आठ वर्षं त्यांच्याच समोर गॅलरीत वाळत होता. शिक्षिकाबाईंनी पेशंट स्वतः पाहिला होता, पण त्या रडारडीत त्यांनाही त्याचा विसर पडला; त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या की गेल्या आठवड्यात मी चादरींवरून उगाच बोलले. नेमके तेव्हाच हे मागून छत्री घेऊन उतरत होते. त्यांना पाहून जिन्यातले सगळे पदर एकदम डोळ्यांवरून खाली आले. मिशी स्वतः रंगवली होती तरी पोस्टमास्तरांनी त्यांच्याशी पुढे तीन दिवस जपून बोलणं ठेवलं.

हॉस्पिटलच्या दारात नवी अडचण. स्ट्रेचरवरून आत जाणाऱ्या प्रत्येकाचा केसपेपर लागतो, असा नियम. मी नोंदणीच्या खिडकीवरच्या कारकुनाला समजावलं की हा माणूस नाही, शिकवायचं साधन आहे. तो म्हणाला, मग साधन म्हणून स्टोअरमधून पास आणा. स्टोअर म्हणजे परत तोच प्रदर्शनार्थवाला. शिवाय मला सरावासाठी खाट हवी होती आणि खाट मिळत होती ती फक्त पेशंटच्या नावावर. मागे रांग वाढत होती, वॉर्डबॉयच्या हातांना रग लागली होती. मी म्हटलं, काढा केसपेपर.

त्याने विचारलं तेवढ्याची मी खरी उत्तरं दिली. नाव माहीत नाही. वय साधारण चाळीस. तक्रार काय? हालत नाही, बोलत नाही. किती दिवसांपासून? सुरुवातीपासून. हे सगळं त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि चौदा नंबरची खाट दिली. वॉर्डाच्या टोकाची, पडद्याआडची. मला जे हवं होतं तेच अगदी रीतसर मिळालं, म्हणून मी मान ताठ ठेवून वर गेले.

दुसऱ्या दिवसापासून थरथरीचा सराव सुरू झाला. रोज दुपारी पडद्याआड वीस इंजेक्शनं. पहिल्या दिवशी तिचा हात मिशीकडे पाहूनसुद्धा थरथरला, ही मी चांगली खूण मानली. चौथ्या दिवशी थांबला.

इकडे चौदा नंबरची तब्येत हॉस्पिटलने मनावर घेतली होती. त्याला रोज दूध आणि उकडलेलं अंडं येऊ लागलं. ते शेजारचा तेरा नंबरचा पेशंट खायचा. तो खरोखर अशक्त होता आणि कोणाबद्दल वाकडं बोलत नसे. सकाळच्या फेरीला शिकाऊ डॉक्टर यायचा. सत्तर पेशंट, एकच तास. तो पडद्यातून डोकं घालायचा, बँडेज आणि मिशी पाहायचा आणि लिहायचा, 'तब्येत जैसे थे. उपचार चालू.' दर सोमवारी मोठे डॉक्टर हे वाचून खाली सही करायचे. मी दोनदा सांगायला गेले. पहिल्या वेळी त्यांनी मला नातेवाईक समजून धीर धरायला सांगितलं. दुसऱ्या वेळी मीच धीर धरला, कारण तेरा नंबरचं वजन दोन किलोंनी वाढलं होतं आणि ते आपल्या नव्या टॉनिकमुळे, असं डॉक्टर सगळ्यांना सांगत होते.

तिसऱ्या आठवड्यात मी थरथरीला खऱ्या पेशंटपुढे उभं केलं. हात स्थिर, सुई सरळ. पेशंट म्हणाला, 'आई गं.' तिचा चेहरा पांढरा पडला आणि सिरिंज फरशीवर. मला तेव्हा कळलं की मी तिला न ओरडणाऱ्या माणसाला टोचायला शिकवलंय आणि असा माणूस जगात एकच होता, तोही आमच्या गादीचा.

उपाय आपल्या पायांनी चालत आला. त्या दुपारी भेटीच्या वेळेत सासूबाई आपली गादी पाहायला आल्या. पडद्यामागच्या स्टुलावर बसल्या. थरथरीने चौदा नंबरच्या मांडीला सुई टोचली आणि सासूबाईंच्या पोटातून हाक आली, "अगं आई, मेले गं! जरा हळू टोच की, भवाने." कापसाची कळ त्यांच्या जिवाला लागली होती. थरथरीचा ट्रे पडला. मी मात्र सासूबाईंकडे आयुष्यात पहिल्यांदा कौतुकाने पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज डबा आटोपून यायच्या आणि पडद्याआड बसून पेशंटच्या वतीने ओरडायच्या. मी त्यांना शिकवायला गेले तर म्हणाल्या, आजारी कसं पडायचं ते तू मला शिकवू नकोस. आणि खरंच, शिकवायची गरज नव्हती. कधी त्या नुसत्या कण्हायच्या. कधी इंजेक्शनच नको म्हणून अडून बसायच्या. कधी अर्ध्यातच विचारायच्या की तुझं गाव कुठलं, तुझे हात इतके गार का, तुला आई नाही का केस विंचरायला? एकदा तर मिशीवाल्या पेशंटने सुनेच्या स्वयंपाकाबद्दल पाव तास गाऱ्हाणं सांगितलं. मी तिथेच वहीत निरीक्षण लिहीत होते. पेन्सिलीचं टोक मोडलं.

सरावानंतर मी आणि थरथरी दोघी बाकावर बसून झालं त्यावर बोलायचो. कुठे चुकलं, कुठे साधलं. एक दिवस तीच म्हणाली, "बाई, मी आजींशी बोलत राहिले ना, की हात विसरतो." मी ते वाक्य वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तेव्हापासून ती सुई हातात घ्यायच्या आधीच बोलायला लागायची. हात सैल सोडा, पाय हलवू नका, मुंगी चावल्यासारखं होईल, झालं हं. पाचव्या आठवड्यात तिने वॉर्डातल्या तिघांना माझ्या देखरेखीखाली इंजेक्शन दिलं. तिघेही ओरडले, आणि ही उभी राहिली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी अधीक्षकांनी जास्त दिवस पडून असलेल्या पेशंटांची यादी मागवली. चौदा नंबर, सदतीस दिवस, निदान नाही. ते मोठ्या डॉक्टरांना घेऊन स्वतः आले आणि त्यांनी नाडी पाहायला हात उचलला. शिवण उसवली. हॉस्पिटलचे अधीक्षक हातात एक मनगट धरून उभे आणि त्यातून त्यांच्या बुटावर वाळूची बारीक धार.

अधीक्षकांनी मला आणि मेट्रनना कार्यालयात बोलावलं. मी थरथरीपासून गादीपर्यंत सगळं सांगितलं. खोटा पेशंट दाखल केल्याबद्दल कारवाई करू, असं ते म्हणाले. मी केसपेपर पुढे ठेवला. मी सांगितलेला एकही शब्द खोटा नव्हता, पण खाली 'तब्येत जैसे थे'च्या सदतीस सह्या होत्या आणि त्यांतल्या पाच मोठ्या डॉक्टरांच्या. त्यांनी सह्या मोजल्या आणि कारवाईचा विषय तिथेच मिटला. पण रागाला वाट हवी असते. ते म्हणाले की गादीवर शिकलेली मुलगी माझ्या पेशंटला हात लावणार नाही, तिचं नाव परीक्षेतून काढा.

थरथरी दाराबाहेर उभी होती. तिने ऐकलं आणि हॉस्टेलकडे गेली. खिडकीतून मला तिची ट्रंक पलंगाखालून ओढलेली दिसली.

अशा वेळी मेट्रन बोलतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, नाव काढायचा अधिकार परीक्षकांचा, साहेब. एवढंच म्हणून त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी साहेबांना विरोध केला, तोही इस्त्री न मोडता. मी हॉस्टेलवर जाऊन ती ट्रंक परत पलंगाखाली ढकलली.

परीक्षक बाई सकाळी आठला आल्या. उंच, कोरड्या, छातीवर उलटं घड्याळ टाचलेल्या. अधीक्षकांनी त्यांना वॉर्डात उभ्याउभ्या सगळं सांगितलं आणि गादीवर विशेष जोर दिला. बाईंनी फक्त मुलींच्या नोंदवह्या मागितल्या. इतर मुलींची इंजेक्शनं नऊ, अकरा, चौदा. थरथरीची सहाशे तेहतीस. त्यांनी आकडा बोटाने दोनदा वाचला.

मग त्या चौदा नंबरच्या रिकाम्या खाटेवर बसल्या आणि बाही वर केली. "तुमच्या पेशंटला नाही ना हात लावायचा? मी तुमची पेशंट नाही. दे गं मला. नुसतं सलाइन भर."

थरथरी पुढे आली. पूर्ण वॉर्ड उशा सावरून पाहत होता. तेरा नंबर तर खाटेवर गुडघे टेकून. तिने दंड पुसला, सिरिंज उजेडात धरली, आणि बोलायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. समोर परीक्षक, मागे अधीक्षक, बाजूला मेट्रन. कोपराशी मला ती जुनी थरथर दिसली. माझ्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि ही परिस्थिती मला मुळीच आवडत नाही.

सुई दंडाला टेकली मात्र, पडद्याआडून कळवळून आवाज आला, "आई आई गं, मारलंस की मला!"

त्या दिवशी येऊ नका, असं मी सासूबाईंना चार वेळा बजावलं होतं.

थरथरीने मान वळवली नाही. हात दगडासारखा स्थिर झाला. "झालं हं आजी," ती म्हणाली, "दंड सैल सोडा. अजून थोडंसं. बघा, झालंसुद्धा." सुई बाहेर, बोळा वर, अंगठ्याने हलकेच चोळणं. पाठ्यपुस्तकात यापेक्षा चांगलं चित्र नाही.

परीक्षक बाईंनी दंडाकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "मला तर कळलंही नाही. मग ओरडलं कोण?"

मी फरशीकडे पाहिलं, मेट्रननी छताकडे. शेवटी पडदाच बोलला. "मी ओरडले. पोरीला नुसतं शांत माणूस टोचायची सवय नाही."

बाईंनी सासूबाईंना बाहेर बोलावून काय काय करता ते विचारलं, आणि सासूबाईंनी सगळं करून दाखवलं, गाऱ्हाण्यासकट. मग बाईंनी थरथरीला खऱ्या तीन पेशंटांकडे नेलं. तिन्ही जागी ती सुईच्या आधी बोलायला लागली होती. शंभरात अठ्ठ्याऐंशी. अधीक्षकांकडे पाहत बाई म्हणाल्या, चुका गादीवर व्हाव्यात की माणसावर, हे तुम्हीच ठरवा.

चौदा नंबरला घरी न्यायला मात्र आणखी पाच दिवस लागले. कारकुनाच्या फॉर्मवर तीनच रकाने होते: बरा झाला, मृत्यू पावला, नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर घेऊन गेले. पहिल्या दोन्हींवर डॉक्टर सही करीनात. शेवटी ह्यांनी तिसऱ्यावर केली. पेशंटशी नातं या जागी त्यांनी विचार करून लिहिलं, 'अंगावरचा पायजमा माझा.' ते मान्य झालं.

पुढे काय झालं ते सांगते. अधीक्षकांनी वर्षभरात शाळेला सरावासाठी वेगळी खोली दिली आणि उद्घाटनाच्या भाषणात ही कल्पना त्यांना कशी सुचली ते सांगितलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. खोली मिळाली होती. चौदा नंबर तिथे अकरा वर्षं कामाला होता. त्याची कातडी पाच वेळा बदलली, मिशी एकदाही नाही. शिकाऊ डॉक्टर पुढे मोठा सर्जन झाला. मला पाहिलं की अजून कान लाल होतात, पण असं म्हणतात की तो फेरीत प्रत्येक पेशंटच्या पायाला हात लावून मगच लिहायचा. तेरा नंबर घरी गेला आणि पुढल्याच वर्षी जुन्या खाटेची चौकशी करत परत आला. मेट्रन निवृत्त झाल्या त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या छातीवरचं तसंच उलटं घड्याळ काढून दिलं, कारण सांगितलं नाही. हे गेले त्याला आता चौदा वर्षं झाली; मानेच्या व्हॉल्व्हचा तो नकाशा मी जपून ठेवलाय. सासूबाई पुढे सात वर्षं दर गुरुवारी शाळेत येऊन आजारी पडत राहिल्या. त्यांच्या हाताखालून, म्हणजे त्यांच्या ओरडण्याखालून, दीडशे मुली शिकून गेल्या.

थरथरी लहान मुलांच्या वॉर्डात नेमणूक मागून घेऊन गेली, जिथे सगळेच ओरडतात, आणि तिथूनच मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झाली. आता तिलाही नातवंडं आहेत. मागच्या महिन्यात भेटायला आली होती. म्हणाली, "बाई, छत्तीस वर्षांत आजींइतका अवघड पेशंट मला एकही मिळाला नाही."

मी तिच्या कपात चहा ओतला. तिला सासूबाई त्या तीन-चार आठवड्यांतल्या दुपारपुरत्याच मिळाल्या होत्या.